तिसरी पिन

मी हाडांचा सर्जन, हे प्रकरण माझ्याच हातचं आहे त्यामुळे लिहिताना जरा जड जातंय. पेशंटला आणि त्याच्या घरच्यांना विचारून लिहितोय, वय, गाव, महिने थोडे इकडेतिकडे केलेत, हॉस्पिटलचं नाव घेत नाही. बाकी जे झालं ते झालं तसंच.

पेशंट चाळिशीतला, ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. डिसेंबर महिना, कारखाना जोरात, रात्री साडेआठच्या सुमाराला कालव्याच्या वळणावर मागची ट्रॉली कलली, हा उडी मारायला गेला आणि उजवा पाय ट्रॉलीच्या कडेखाली सापडला. मागून येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यांनी जॅक लावून काढला. एकशेआठ आली, ग्रामीण रुग्णालयात धनुर्वाताचं इंजेक्शन, अँटिबायोटिकचा पहिला डोस, स्लॅब (अर्धं प्लास्टर), आणि आमच्याकडे. तो पहिला डोस तिथल्या डॉक्टरांनी दिला हे मुद्दाम सांगतो, कारण हाड बाहेर दिसतंय अशा फ्रॅक्चरमधे सगळ्यात जास्त फरक त्या लवकर दिलेल्या डोसाने पडतो आणि नेमका तोच धावपळीत राहून जातो.

आमच्याकडे आला तेव्हा साडेअकरा वाजले होते. नडगीच्या हाडाचे तीन भाग धरले तर मधला संपून खालचा सुरू होतो तिथं ते तुटलेलं, आतल्या बाजूला साधारण ११ सेंटिमीटरची जखम, त्यात कालव्याकडेचा काळा चिखल आणि उसाचं पाचट. पावलाच्या नाड्या चांगल्या लागत होत्या, बोटं हलत होती. गस्टिलो आणि अँडरसन या दोघांनी १९७६ मधे उघड्या फ्रॅक्चरची जी वर्गवारी केली आणि १९८४ मधे तिच्या तिसऱ्या प्रकाराचे ए, बी, सी असे भाग पडले, त्यात हा ३ए बसला, म्हणजे जखम मोठी आणि घाण पण हाड झाकायला मांस-कातडी शिल्लक आहे.

असल्या चिखलाच्या जखमेत आत नेल (हाडाच्या पोकळीतली लांब सळी) किंवा प्लेट टाकायला बऱ्याच जणांचा हात धजत नाही, मग बाहेरचा फिक्सेटर. आमच्याकडे लोक त्याला "बाहेरून रॉड" म्हणतात, काही "पिंजरा" म्हणतात. तुटलेल्या जागेच्या वर दोन, खाली दोन अशा जाड पिना कातडीतून हाडात आरपार दुसऱ्या बाजूच्या भिंतीपर्यंत घालायच्या आणि बाहेरून त्या नळीला क्लॅम्पने आवळायच्या. जखमेत लोखंड नाही, ड्रेसिंगला जागा मोकळी, अर्ध्या-पाऊण तासात काम होतं. यातली गोम अशी की जखमेत लोखंड नको म्हणून आपण कातडीला चार नवीन भोकं पाडतो आणि ती भोकं थेट हाडाच्या पोकळीपर्यंत जातात, महिनोन्‌महिने उघडी राहतात. हे आम्हा सगळ्यांना माहीत असतं, फक्त रात्री एक वाजता त्याचा विचार कुणी करत नाही.

रात्री एकला ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधे, घेतला. नऊ लिटर सलाईनने धुतलं, मेलेलं मांस काढलं, पाचटाचा शेवटचा तुकडा मला आठवतंय स्नायूच्या दोन पदरांमधून निघाला, बोटभर लांब. मग चार शॅन्झ पिना, साडेचार मिलिमीटरच्या. पहिली, दुसरी, चौथी सरळ गेल्या, तिसरीला जरा वेळ लागला. अडीचला पेशंट बाहेर.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिपोर्ट हातात आले, शुगर २८६. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी सांगणारी तपासणी, ९.४. त्याला स्वतःला पत्ताच नव्हता, बायको म्हणाली "रात्रीचं चार-पाच वेळा उठायचे, मला वाटलं पाणी लई पितात म्हणून." इन्सुलिन सुरू केलं. ४८ तासांनी परत ओटीत घेऊन जखम पाहिली, चांगली लाल, पाचव्या दिवशी टाके घालून बंद करता आली. महात्मा फुले योजनेत सगळं बसलं. अकराव्या दिवशी घरी सोडला.

सोडताना प्लॅन स्पष्ट होता. फिक्सेटर तात्पुरता, शुगर आटोक्यात आली की दोन आठवड्यांच्या आसपास आत नेल टाकायचा आणि बाहेरचं सगळं काढायचं. हा दोन आठवड्यांचा आकडा उगाच नाही, पिना हाडात जेवढे जास्त दिवस राहतात तेवढी त्यांच्या भोकांत जंतूंची वस्ती वाढते आणि मग नेल टाकला तर तो नेल ती वस्ती हाडाच्या पोकळीभर पसरवत जातो. म्हणून नेल करायचाच तर लवकर, नाहीतर पिना काढून काही दिवस प्लास्टरमधे ठेवून भोकं बुजू द्यायची, मग नेल.

तो पंधरा दिवसांनी आलाच नाही. शुगर उतरेना, घरात म्हातारे वडील, दोन म्हशी, बायको एकटी, येऊन-जाऊन गाडीभाडंच दीड-दोन हजार. आम्ही फोन केला, "पुढच्या सोमवारी येतो साहेब" असं दोन सोमवार झालं. आला तो पाचव्या आठवड्यात. आणि इथं मला कबूल करायला पाहिजे की त्याला बघून मी खूशच झालो, कारण मूळ जखम इतकी सुंदर भरली होती की मी मोबाइलवर फोटो काढून ज्युनिअर्सच्या ग्रुपवर टाकला. एक्सरेमधे थोडं नवीन हाड धरायला लागलं होतं. तिसऱ्या पिनच्या भोवती जरासा लाल गोल, त्यातून पातळ पिवळट लस येत होती. असं कुठल्या ना कुठल्या पिनला होतंच, बाहेरचा फिक्सेटर लावलेल्या पेशंटमधे पिनच्या तोंडाला किरकोळ इन्फेक्शन इतकं सर्रास की आम्ही त्याला सर्दी म्हणतो. सर्दीवर जसं देतात तसं दिलं, सेफॅलेक्सिन सात दिवस, पिन रोज उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने पुसा, नेल पुढे ढकलला. एवढं एक बरं केलं. त्या दिवशी मोह होता, ओटीची लिस्ट रिकामी होती आणि पेशंट एवढ्या मुश्किलीने आला होता, लगेच नेल उरकून टाकू असं एका क्षणी वाटलं होतं. टाकला असता तर गुडघ्याखालपासून घोट्यापर्यंत पूर्ण पोकळी पुवाने भरली असती.

पण जे करायला हवं होतं ते केलं नाही. क्लॅम्प सैल करून पिन बोटांत धरून हलवून पाहिली नाही. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. लाल दिसलं, गोळी लिहिली.

गोळीने उतरलं. आता मागे वळून बघताना मला वाटतं ते गोळीने उतरलंच नव्हतं, त्या आठवड्यात वडील आजारी म्हणून तो दिवसभर घरी बसून होता, पाय टेकवत नव्हता म्हणून उतरलं. सातव्या आठवड्यात परत लाल. या वेळी तो आलाच नाही, बायकोने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. फोटो चांगला होता खरंतर, मागे स्टीलचं ताट, त्यात कापसाचे बोळे, वाटीत पाणी, सगळं नीट मांडलेलं. मी परत तीच गोळी लिहून पाठवली आणि वर "गोठ्यात जाऊन आल्यावर हात धुत चला" असं टाकलं. कल्चर (कुठला जंतू आहे ती तपासणी) नाही, एक्सरे नाही.

मग आठव्या आठवड्याच्या शेवटी तिचा फोन आला. मी ओपीडीत होतो, फोन आमच्या ड्रेसिंगवाल्याने घेतला. तिने काय सांगितलं ते त्याला जसंच्या तसं आठवत होतं, कारण नंतर आम्ही दोघांनी ते पुष्कळदा उगाळलं. "सायबास्नी सांगा, ती तिसरी सळी खुळखुळतिया. पुसताना कापूस लावला की हलती, आणि आतनं कुरकुर वाजतंय." तो म्हणाला तसं थोडं होतं ताई, पुढच्या तारखेला या. त्याला दोष देत नाही, मी फोनवर असतो तर मीही बहुधा हेच म्हणालो असतो.

पिना घालून ६६ दिवस झाले त्या दिवशी पहाटे चारला त्याला जीपमधे घालून आणला. ताप १०४, दातावर दात वाजतायत, पायाला हात लावला की ओरडतोय, आणि मधेच असंबद्ध बोलतोय, ट्रॉली लावली का विचारतोय. नाडी १२८, बीपी ८४/५०, शुगर ४१२. पाय घोट्यापासून गुडघ्यापर्यंत सुजून तकतकीत, तिसऱ्या पिनच्या भोवती कातडी जांभळी, क्लॅम्प जरा हलवला तर पिनच्या कडेने घट्ट पू दाबाने बाहेर आला, उडालाच म्हणा ना. बाकी तीन पिनांपैकी दुसरीला थोडी लस, पहिली आणि चौथी कोरड्या. आणि ती ११ सेंटिमीटरची चिखलाची जखम, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप होता, ती तशीच सुंदर भरलेली, गुलाबी रेघ फक्त.

रक्तात पांढऱ्या पेशी २२,४००, क्रिएटिनिन २.१, लॅक्टेट ४.६, म्हणजे किडनी आणि रक्तपुरवठा दोन्ही ढासळलेले. सेप्टिक शॉक. नातेवाईकांना सांगताना आपण "इन्फेक्शन रक्तात गेलंय" म्हणतो, ते वाक्य फार सौम्य वाटतं ऐकायला. मी त्याच्या बायकोला आणि तिच्या भावाला बाजूला घेऊन सांगितलं की आज आधी जीव, मग पाय, आणि पाय काढायची वेळ आली तर मी विचारायला थांबणार नाही, सही आत्ताच घेतो. भावाने सही केली. ती म्हणाली, "मी रोज पुसत हुते सायेब. एक दिस चुकवला नाही."

आणि मी तिला काय म्हणालो? मी म्हणालो, "ताई, पुसून काय होतं, गोठा, शेण, तिथंच सगळं. सांगितलं होतं ना." ते वाक्य अजून टोचतं.

पहिल्या तासात काय केलं ते थोडक्यात. ब्लड कल्चरच्या दोन जोड्या आधी, मग लगेच व्हॅन्कोमायसिन आणि मेरोपेनेम, सलाईन वजनाच्या किलोमागे ३० मिली या हिशोबाने, तरी बीपी चढेना म्हणून नॉरअ‍ॅड्रेनॅलिन, इन्सुलिनचा ड्रिप. फिजिशियन आणि भूलतज्ज्ञ दोघंही पाच वाजता आले, दोघांचेही उपकार. भूलतज्ज्ञ म्हणाले आणखी दोन तास स्थिर होऊ दे, मी म्हणालो पू आत असेपर्यंत हा स्थिर होणारच नाही. दोघांचंही बरोबर होतं. सव्वासहाला बीपी औषधावर ९६ आलं आणि आत घेतला.

आता ओटीत जे दिसलं ते नीट सांगतो कारण सगळं प्रकरण त्यात आहे. नळी आणि क्लॅम्प सोडवले. पहिली पिन काढायला टी-हँडल लावून जोर लावावा लागला, करकर आवाज करत निघाली, म्हणजे हाडाने घट्ट धरलेली. चौथी तशीच. दुसरी थोडी ढिली. तिसरी मी दोन बोटांत धरली आणि ती नुसती वर आली, दह्यातून चमचा यावा तशी. तिच्या आट्यांमधे पांढरट बुळबुळीत थर. टाकी वर्षभर धुतली नाही की आतल्या कडेला जसं शेवाळ धरतं ना, तसाच जंतू धातूवर थर धरतात, त्याच्या आत बसले की अँटिबायोटिक त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. गोळीने वरची लाली जाते, थर तिथंच.

भोक मोठं करून आत क्युरेट (खरवडायचा चमचा) घातली. पू, मग मऊ लालसर दाणेदार मांस, आणि मग क्युरेटच्या टोकाला काहीतरी कडक लागलं. चिमट्याने काढलं. हाडाची अंगठी. अक्षरशः अंगठी, बारीक, एका बाजूला थोडी तुटलेली, मधे पिनचं भोक, आणि रंग तपकिरी-काळा, करपलेल्या भाकरीच्या कडेसारखा. आमच्या भाषेत रिंग सिक्वेस्ट्रम, म्हणजे पिनच्या भोवतीचं मेलेलं हाड शरीराने वेगळं करून टाकलेलं. मेलेल्या हाडाला रक्त नाही, रक्त नाही म्हणजे औषध नाही, पांढऱ्या पेशी नाहीत. जंतूंना याहून चांगलं घर मिळणार नाही.

तेव्हा मला ती डिसेंबरची रात्र आठवली. तिसऱ्या पिनला जरा वेळ लागला असं मी वर एका ओळीत लिहून पुढे गेलो, खरं काय झालं होतं ते असं. खालच्या तुकड्यात जखमेमुळे जागा कमी, म्हणून मी पिन जरा पुढे, नडगीच्या धारेजवळ घेतली. तिथं हाडाची भिंत सगळ्यात जाड आणि दगडासारखी. आमचा साडेतीनचा ड्रिल बिट कितव्यांदा वापरात होता देव जाणे, धार गेलेली. जाईना, मी जोर लावला, ड्रिलचा आवाज बदलला, थोडा धूर आला, केस जळाल्यासारखा वास. सिस्टरने सिरिंजने पाणी सोडलं, ते उशिरा. मी म्हणालो झालं झालं आणि पिन त्याच भोकात घातली. हाड उष्णता सहन करत नाही, सशांच्या हाडांवर १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत ४७ अंशाला एक मिनिट एवढ्यानेही हाडाला इजा होते असं दिसलं होतं. ४७ अंश म्हणजे काही फार नाही, आपण अंघोळीला घेतो त्या कडक पाण्याच्या आसपास. बोथट बिटने जाड धारेत त्याहून कितीतरी वर जातं.

म्हणजे क्रम असा लागतो. हाड डिसेंबरमधे भाजलं. भाजलेलं हाड शरीर कडेने कुरतडून वेगळं करायला लागलं, त्याला काही आठवडे लागतात. म्हणून सुरुवातीला सगळं छान. मग पिन ढिली झाली, ढिली पिन चालताना आत-बाहेर हलते, हलली की लस येते, कातडी कधी चिकटतच नाही, त्या ओल्या फटीतून जंतू आत. आत मेलं हाड तयारच. वर ९.४ ची शुगर, वर तंबाखू (हो, तीही होती, दिवसाला दोन पुड्या). आधी पिन ढिली होते मग पू होतो की आधी पू होतो मग पिन ढिली होते यावर कॉन्फरन्समधे तासभर भांडता येतं, दोन्ही खरं आहे, एकदा सुरू झालं की एक दुसऱ्याला वाढवतं. पण इथं तरी सुरुवात मिठाच्या पाण्यापासून किंवा गोठ्यापासून झाली नव्हती. बाकी तीन पिना त्याच बाईने त्याच कापसाने त्याच गोठ्याशेजारी बसून पुसल्या होत्या, त्यातल्या दोन ठणठणीत.

पिनचे एक्सरे परत काढून बघितले. पाचव्या आठवड्याच्या एक्सरेमधे तिसऱ्या पिनच्या भोवती बारीक काळी कड होती. मी तेव्हा फक्त फ्रॅक्चर बघितलं होतं. आता तीच कड बोटभर रुंद वाटत होती, अर्थात आता मला माहीत होतं कुठं बघायचं ते.

हाडाची पोकळी थोडी उघडून धुतली, भोक दोन्ही भिंतींपर्यंत मोठं करून रक्ताळ हाड लागेपर्यंत खरवडलं, पाच वेगवेगळ्या जागांचे नमुने वेगवेगळ्या चिमट्याने काढून कल्चरला पाठवले. कातडीवर फिरवलेला बोळा पाठवून उपयोग नसतो, त्यात कातडीवरचेच जंतू उगवतात आणि आपण भलत्याच जंतूंवर औषध देत बसतो. भोकात व्हॅन्कोमायसिन मिसळलेल्या सिमेंटच्या मण्यांची माळ ठेवली. मांसाच्या पदराखाली सगळीकडे बोट फिरवून पाहिलं, पदर सुटत नव्हता, म्हणजे मांस सडवणारं ते भयंकर इन्फेक्शन नव्हतं. घोट्याच्या सांध्यातून पाणी काढलं, स्वच्छ निघालं. फ्रॅक्चर अर्धवट जुळलेलं होतं, चिकट हलत होतं, त्यामुळे नवीन पिन न घालता मागून स्लॅब दिला.

रक्तात आणि पाचही नमुन्यांत एकच जंतू, एमआरएसए, म्हणजे नेहमीच्या बऱ्याच अँटिबायोटिकना, सेफॅलेक्सिनलाही, दाद न देणारा. म्हणजे मी दोनदा दिलेली गोळी त्या जंतूसाठी पेपरमिंट होती. इथं एक गोष्ट स्वतःच्या बाजूने नाही पण खरी म्हणून सांगतो, योग्य गोळी दिली असती तरी ती करपलेली अंगठी आत असेपर्यंत तो बरा झाला नसता, फार तर महिना पुढे ढकललं गेलं असतं.

आयसीयूत सहा दिवस. तिसऱ्या दिवशी नॉरअ‍ॅड्रेनॅलिन बंद झालं, चौथ्या दिवशीचं ब्लड कल्चर कोरं आलं. हा जंतू रक्तात सापडला की हृदयाच्या झडपांवर बसलाय का पाहावंच लागतं, इको केला, झडपा साफ. किडनी बघून व्हॅन्कोमायसिनवरून टायकोप्लॅनिनवर आलो, मेरोपेनेम कल्चर आल्याबरोबर बंद. शिरेतून चार आठवडे आणि पुढे कोट्रायमोक्साझोलच्या गोळ्या, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासत, एकूण आठ आठवडे. गोळ्यांवर कधी यायचं यावर फिजिशियनची आणि माझी थोडी बाचाबाची झाली. हाडाच्या इन्फेक्शनला शिरेतूनच सहा आठवडे ही जुनी सवय, पण २०१९ मधे ब्रिटनमधल्या ओविवा अभ्यासात हजारावर पेशंट घेऊन दिसलं की पहिल्या आठवड्यानंतर योग्य गोळी दिली तर निकाल शिरेतल्या औषधाइतकाच चांगला. पण याच्या रक्तात एमआरएसए सापडलेला, त्यामुळे फिजिशियनचं ऐकून चार आठवडे शिरेतूनच दिलं.

आठव्या दिवशी राउंडला मी त्याच्या बायकोला त्या अंगठीचं सांगितलं. फॉर्मॅलिनच्या बाटलीत ठेवलेली, दाखवली. म्हणालो ताई, हे माझ्या ड्रिलमुळे जळालं, तुमच्या पुसण्याचा यात काही संबंध नाही, त्या दिवशी मी चुकीचं बोललो. तिने बाटली हातात घेतली, उजेडाला धरून फिरवून बघितली आणि म्हणाली, "हेच वाजत हुतं व्हय."

हेच वाजत होतं. आठ आठवडे आमच्याकडे एक्सरे मशीन, सीआरपी (सूज-इन्फेक्शन दाखवणारी रक्ततपासणी), एवढं सगळं, आणि निदान तिने कापसाच्या बोळ्याने केलं होतं.

तीन आठवड्यांनी मणी काढले आणि इलिझारोव्हची रिंग लावली, जुन्या भोकांपासून लांब, जाड पिना न घालता १.८ मिलिमीटरच्या बारीक ताणलेल्या तारा. तो घाबरला, साहजिक आहे, एक पिंजरा काढून दुसरा, आणि हा तर बघायला दुप्पट भयंकर. त्याला मी ब्रुमेलची गोष्ट सांगितली. व्हॅलेरी ब्रुमेल, रशियाचा उंच उडीवाला, १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकचं सुवर्ण, पुढच्याच वर्षी मोटरसायकल अपघातात पाय फुटला, सडला, ऑपरेशनवर ऑपरेशन, शेवटी सायबेरियात कुर्गानला या इलिझारोव्ह डॉक्टरकडे गेला आणि पाय बरा होऊन परत उड्या मारायला लागला. पेशंट म्हणाला, "मला उडी नको, क्लच दाबता आला तर बास." मी म्हणालो क्लच डावा पाय असतो. तर म्हणाला, "मग ब्रेक." तेव्हा इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्या वॉर्डात कुणीतरी हसलं.

बारीक तारांनाही वरवरचं इन्फेक्शन होतं, पुष्कळ होतं. पण घातल्यावर हाड कमी जळतं आणि तार ताणलेली असल्यामुळे खुळखुळत नाही, जोपर्यंत ताण टिकतो तोपर्यंत. घालतानाही एकदम ड्रिल न चालवता थांबून थांबून, तार अल्कोहोलच्या गॉजने धरून, म्हणजे ती गार राहते.

पुसायचं कसं यावर त्याच्या बायकोने मला सरळ विचारलं, रोज का आठवड्याला, मीठ का औषध. जगभर यावर एकमत नाही, कोक्रेन या उपचारांचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यातही कुठली एक पद्धत दुसरीपेक्षा सरस आहे असं ठरवता आलेलं नाही. आम्ही तिला अल्कोहोलमधलं क्लोरहेक्झिडिन, आठवड्यातून एकदा, ओलं झालं तर लगेच, आणि तारेभोवती गॉज जरा दाबून बांधायचं म्हणजे कातडी तारेवर वरखाली सरकत नाही, एवढं दिलं. आणि फोनवर सांगायचं ते वेगळं दिलं: लाल आहे का हे दुसरं, तार किंवा पिन हलते का, दुखणं एकाएकी वाढलं का, हे पहिलं. यातलं काही असलं तर फोटो नको, या.

चेकेट्स आणि ऑटरबर्न यांची पिनच्या इन्फेक्शनची सहा पायऱ्यांची वर्गवारी आहे, पहिल्या तीन म्हणजे पिन ठेवून भागतं, चौथीपासून पिन काढायचीच, सहावी म्हणजे पिन काढल्यावरही आत मेलं हाड राहून पू येत राहतो. मी विद्यार्थ्यांना ही शिकवतो. याची पिन पाचव्या आठवड्यात कितव्या पायरीवर होती हे मला आजही सांगता येत नाही, कारण मी हात लावून बघितलंच नव्हतं.

रिंग साडेसहा महिने राहिली. मधे दोन तारांना लाल झालं, एक तार बदलली, दोन्ही वेळा ती फोन करून स्वतः घेऊन आली. म्हैस एक विकावी लागली, मला नंतर कळलं. एचबीएवनसी आता ७.१ वर आहे, तंबाखू सुटली असं तो म्हणतो, बायको मागे उभी राहून मान हलवते, नाही म्हणून. रिंग काढून वर्ष झालं, पू नाही, पाय एक सेंटिमीटर आखूड, घोटा पूर्ण वर येत नाही त्यामुळे ट्रॉली सोडली, कारखान्याच्या वजनकाट्यावर बसतो.

ओटीत ड्रिल बिटचा एक डबा होता, त्यातले अकरा बिट मी त्याच आठवड्यात फेकले. आता तारीख लिहून ठेवतो आणि मोजून वापरतो. धूर दिसला तर पिन तिथं घालत नाही, शेजारी नवीन भोक. ड्रेसिंगवाल्याने स्वतःहून फोनच्या वर भिंतीवर कागद चिकटवलाय, त्यावर मार्करने फक्त "हलते का?" एवढंच. एकदा एक पेशंट ते वाचून म्हणाला, काय हो, भूकंपाचं आहे का.